अवलंबित घटकांची घोषणा : पायथॉन आज्ञावलीच्या निमित्ताने

भारतीय भाषांतील ग्रंथांच्या शब्दसूची, वारंवारतेची कोष्टके आणि पाठभेदांची तुलना संगणकाच्या साहाय्याने सिद्ध करण्याची पद्धत आता अभ्यासकांत रुळली आहे. या कामी पायथॉन ही संगणकभाषा विशेष उपयोगी पडते. मात्र पायथॉनमधील आज्ञावली क्वचितच स्वयंपूर्ण असते. इतरांनी रचलेल्या आज्ञासंचांचा, म्हणजे पॅकेजांचा, ती आधार घेते. हे आधार कोठे व कसे नोंदवावेत, हा प्रश्न वरकरणी केवळ तांत्रिक वाटतो. वस्तुतः निष्कर्षांची विश्वसनीयताच त्यावर अवलंबून असते.

एक उदाहरण पाहू. शब्द वेगळे काढण्यासाठी पायथॉनमध्ये 'रे' नावाचा अंगभूत विभाग आहे. शब्दातील वर्ण ओळखण्याची त्याची नेहमीची खूण काना, वेलांटी इत्यादी स्वरचिन्हांना वर्ण मानीत नाही. परिणामी 'मराठी' या शब्दाचे 'मर' आणि 'ठ' असे दोन तुकडे पडतात. 'रेजेक्स' हे स्वतंत्रपणे मिळणारे पॅकेज हाच शब्द अखंड ठेवते. आता एखादी आज्ञावली रेजेक्स आढळल्यास ते वापरते, अन्यथा 'रे'वर भागवते, आणि रेजेक्सची आवश्यकता कोठेच घोषित केलेली नाही, अशी कल्पना करावी. दुसऱ्या विद्यापीठातील संगणकावर ती विनातक्रार चालेल. परंतु तिने दिलेली शब्दसंख्या सर्वस्वी निराळी असेल. आज्ञावली बंद पडली असती तर दोष निदान ध्यानात तरी आला असता.

अशी घोषणा करण्याचे आजचे प्रमाण स्थान म्हणजे 'पायप्रोजेक्ट.टॉमल' ही फाइल. पूर्वी अवलंबित घटकांची यादी 'सेटअप.पाय' या फाइलीत असे. ती स्वतःच एक आज्ञावली असल्याने, यादी कळण्यासाठी ती आधी चालवावी लागे, आणि ती चालण्यासही काही पॅकेजे आधीच हजर असावी लागत. हा पेच सोडविण्यासाठी २०१६ मध्ये, पॅकेज बांधण्यास लागणारी साधने पायप्रोजेक्ट फाइलीत नोंदविण्याची तरतूद झाली. २०२० च्या प्रस्तावाने, आज्ञावली चालण्यास लागणारे घटकही त्याच फाइलीत नोंदविण्याची प्रमाण रीत ठरवून दिली. या दोन याद्या भिन्न आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आवश्यक असलेली पायथॉनची किमान आवृत्तीही तेथेच सांगता येते.

स्थापनेचे काम 'पिप' हे साधन करते. ते ही यादी वाचते, पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारातून प्रत्येक घटक आणते, त्या घटकांच्याही गरजा पाहते आणि सर्वांना मानवेल असा आवृत्त्यांचा मेळ शोधते. एका कामासाठी आणलेली पॅकेजे दुसऱ्या कामात मिसळू नयेत म्हणून प्रत्येक प्रकल्पाला 'व्हेन्व'च्या साहाय्याने स्वतंत्र परिसर द्यावा, हे इष्ट होय.

तथापि केवळ नाव घोषित करून भागत नाही. युनिकोड या लिपिसंकेताच्या १५.१ या आवृत्तीने २०२३ मध्ये देवनागरी जोडाक्षरे एकसंध मोजण्याचा नियम केला. त्यापूर्वीच्या नियमाने 'क्षत्रिय' या शब्दात पाच घटक होत. नव्या नियमाने तीन होतात. म्हणजे एखाद्या पॅकेजने नवा नियम स्वीकारला की त्याच्या दोन आवृत्त्या एकाच काव्याची अक्षरगणना दोन प्रकारे देतील.

यावरून दोन प्रकारच्या नोंदींमधील भेद स्पष्ट होतो. इतरांनी वापरावे म्हणून पॅकेज रचणाऱ्याने आवृत्त्यांची मर्यादा सैल ठेवावी. 'अमुक आवृत्ती किंवा तिच्यानंतरची' एवढे म्हणावे. अन्यथा दुसऱ्या पॅकेजांशी त्याचा मेळच बसणार नाही. याउलट, विशिष्ट निष्कर्ष प्रसिद्ध करणाऱ्याने प्रत्यक्ष वापरलेली प्रत्येक आवृत्ती नेमकी नोंदवावी. 'पिप फ्रीझ' ही आज्ञा अशी यादी देते. तसेच २०२५ मध्ये 'पायलॉक.टॉमल' या लॉक फाइलीचे प्रमाण स्वरूपही मान्य झाले आहे. पहिली नोंद काय चालेल ते सांगते. दुसरी काय चालले ते सांगते.

कोणत्या पोथ्या पाहिल्या हे न सांगता सिद्ध केलेली संहिता आपण प्रमाण मानीत नाही. संगणकाने काढलेल्या कोष्टकांनाही हीच कसोटी लावणे न्याय्य ठरेल.