काळं हवंय? मग थांबा!

चित्रातली रेघ गडद हवी असली की तुम्ही काय करता? पेन्सिल दाबता. टोक मोडलं तरी दाबता! पण चित्रकारांची एक जमात अशी आहे की ती जोर म्हणून लावत नाही. रेघ काळीकुट्ट हवी असेल तर ही मंडळी घड्याळाकडे बघत नुसती उभी राहतात. त्यांच्यासाठी राबत असतं अ‍ॅसिड. ते धातूच्या पत्र्यावर चित्र कोरतं आणि मग त्या पत्र्यावरून ही मंडळी कागदावर छाप काढतात.

या मंडळींचं एक मोठं ठाणं म्हणजे वडोदरा. तुमच्या आजोबांचं बडोदं. छापखान्याशी या गावाची दोस्ती तशी जुनीच. बडोद्याचे राजे सयाजीराव महाराज मूळचे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांच्या काळात, १८९० साली, बडोद्यात कलाभवन सुरू झालं. तिथे शिकलेला त्र्यंबकेश्वरचा एक मुलगा पुढे राजा रविवर्म्यांच्या चित्रांच्या छापखान्यात कामाला लागला आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९१३ मध्ये, त्याने ‘राजा हरिश्चंद्र’ हा सिनेमा काढला. ओळखलंत ना? दादासाहेब फाळके!

स्वातंत्र्यानंतर, १९५० साली, महाराजा सयाजीराव विद्यापीठात फॅकल्टी ऑफ फाइन आर्ट्स उघडली. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे तिथे चित्रकला शिकवायला होते आणि सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत होते भावनगरचे ज्योती भट्ट. हे ज्योती भट्ट १९६४ ते ६६ अमेरिकेत, न्यूयॉर्कच्या प्रॅट इन्स्टिट्यूटमध्ये, छापचित्रं शिकले आणि बडोद्याला परतले. मोर, पोपट, कमळं, अक्षरं अशी सगळी गर्दी त्यांच्या चित्रांत असते. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण आपल्याला बघायचाय तो त्यांचा मोर धातूवर उतरतो कसा.

घ्या जस्ताचा गुळगुळीत पत्रा. त्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्या. पत्रा काळा झाला? आता सुईने मोर काढा. गंमत अशी की सुईने धातू कोरायचाच नाही, फक्त मेण खरवडायचं. सुई जाईल तिथे खालचं जस्त चमकायला लागतं. मग पत्रा जायचा ट्रेमध्ये, पाणी घातलेल्या नायट्रिक अ‍ॅसिडात. (हे काम मोठ्यांचं. हातमोजे, चष्मा, उघड्या खिडक्या, सगळं लागतं.) मेणाला अ‍ॅसिड काही करू शकत नाही. पण उघडं जस्त दिसलं की ते तुटून पडतं. जस्त विरघळतं, वायू सुटतो आणि रेघेरेघेवर बारीक बुडबुड्यांची माळ लागते.

या वेळी चित्रकाराच्या हातात काय असतं, सांगा बघू? पक्ष्याचं पीस! बुडबुडा रेघेवर बसून राहिला तर त्याच्या खाली अ‍ॅसिड पोचत नाही आणि रेघ खडबडीत होते. म्हणून पिसाने बुडबुडे हळूच बाजूला सारायचे. पीस इतकं मऊ, की मेणावर ओरखडासुद्धा उठत नाही. मोराचं चित्र पिसानेच झाडायचं, हे मला फार आवडतं.

पत्रा जितका वेळ अ‍ॅसिडात, तितकी रेघ खोल. खोल रेघेत शाई जास्त मावते, म्हणजे छाप गडद. मोराचा तुरा नाजूक हवा असेल तर पत्रा लवकर बाहेर काढायचा, धुवायचा, तुऱ्यावर वॉर्निश फासून त्याच्या रेघा बुजवायच्या आणि पत्रा पुन्हा आत सोडायचा. आता तुरा सुरक्षित आणि पिसाऱ्यावरचे डोळे आणखी खोल होत जातात. त्यात उन्हाळा असेल तर काम भराभर होतं, कारण उष्णतेने रासायनिक क्रियेला वेग येतो. बडोद्याचा मे महिना ठाऊक असलेल्यांना घड्याळावर डोळा ठेवावाच लागतो.

मेण पुसलं की पत्र्यावर शाई चोळायची आणि वरवरची पुसून काढायची. खाचांतली शाई तेवढी राहते. त्यावर ओलसर कागद, कागदावर लोकरीची जाड गादी आणि सगळं प्रेसच्या दोन रुळांमधून बाहेर. कागद ओला का? ओले तंतू मऊ होतात, खाचांत शिरतात आणि शाई उचलून आणतात. छाप मात्र उलटा येतो! चित्रात अक्षरं असतील तर पत्र्यावर ती आरशात दिसतात तशी लिहावी लागतात. छापाखाली पेन्सिलीने ३/१० असं काही लिहिलेलं दिसलं तर तो गणितातला अपूर्णांक समजू नका. दहा छापांपैकी हा तिसरा, इतकंच.

आणि रंगीत हवं असेल तर? आंध्र प्रदेशात जन्मलेले कृष्णा रेड्डी पॅरिसमध्ये हाच विचार करत होते. तिथे त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी एक भन्नाट युक्ती वापरली. एका शाईत जवसाचं तेल जास्त घालून ती पातळ करायची आणि कडक रुळाने फिरवायची. ती फक्त उंचवट्यांवर बसते. दुसरी शाई घट्ट. ती मऊ रुळाने फिरवली की रूळ दबून खड्ड्यांत पोचतो. पण वरच्या तेलकट शाईवर घट्ट शाई चिकटतच नाही! एकाच पत्र्यावर दोन रंग, तेही एकमेकांत न मिसळता.

नायट्रिक अ‍ॅसिड नको, पण घरी व्हिनेगर असेल ना? उकडलेलं अंडं घ्या. त्यावर मेणबत्तीच्या वितळलेल्या मेणाने तुमच्या नावाचं पहिलं अक्षर लिहा. मेण वितळवायला आईला किंवा ताईला बोलवा. अंडं व्हिनेगरमध्ये बुडवा आणि बुडबुडे बघा. थोड्या वेळाने काढा, पुसा, मेणाने दुसरं अक्षर लिहा आणि परत बुडवा. तास-दोन तासांनी मेण खरवडून बोट फिरवा आणि सांगा, दोन्हीतलं जास्त उंच अक्षर कोणतं?