थंडीतले खेळ आणि पाठीचा कणा

हिवाळी खेळ म्हटले की बर्फावरून घसरत जाणारे स्कीपटू डोळ्यांपुढे येतात. शहापूर-मुरबाडकडच्या मुलांना बर्फ भेटतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. तरीही थंडी हा इथेही खेळांचा हंगाम आहे. भाताची झोडणी उरकते आणि शाळांच्या क्रीडास्पर्धा सुरू होतात. माहुली, गोरखगडाच्या वाटांवर गिर्यारोहकांची वर्दळ वाढते. २ जानेवारीला, १९४३ साली याच दिवशी हुतात्मा झालेल्या भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना अभिवादन करायला लोक सिद्धगडाकडे निघतात. काळू, शाई या नद्यांच्या डोहांत मुले सूर मारतात. बर्फावर आपटणारा स्कीपटू आणि उथळ डोहात सूर मारणारा मुलगा यांच्या मणक्यांना होणाऱ्या इजेमागचे भौतिकशास्त्र एकच आहे. ते समजले तर अशा बऱ्याच इजा टाळता येतात.

कण्याची रचना

लहान वयात कण्यात ३३ मणके असतात. त्यांपैकी मानेचे ७, छातीच्या मागचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ मणके आयुष्यभर सुटे राहतात; खालचे पुढे एकमेकांना जुळतात. बहुतेक सुट्या मणक्यांच्या मध्ये गादीसारखी चकती असते. मणक्यांच्या पोकळीतून सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा, करंगळीएवढ्या जाडीचा मज्जारज्जू जातो. मेंदूचे आदेश शरीराकडे आणि शरीराच्या संवेदना मेंदूकडे नेणारी ही वाट आहे.

हाडाचे फ्रॅक्चर सांधते, पण तुटलेला मज्जारज्जू पुन्हा जुळत नाही. इजा जितकी वर, तितके नुकसान मोठे. कमरेच्या वरच्या भागात झाली तर पाय लुळे पडतात, लघवी-शौचावरचा ताबा जातो. मानेत झाली तर हातही जातात. मानेच्या तिसऱ्या मणक्याच्या वर झाली, तर श्वासपटलाला आदेश पोचत नाहीत आणि श्वासच थांबतो.

इजा कशी होते?

सरळ बसलो असता मानेला पुढच्या बाजूने हलकी कमान असते. धक्का बसला की ती स्प्रिंगप्रमाणे लवते आणि स्नायू तो धक्का शोषतात. पण डोके सुमारे ३० अंश खाली झुकवले की कमान नाहीशी होऊन मानेचे सातही मणके एका सरळ रेषेत येतात. अशा वेळी टाळूवर आघात झाला, तर डोके जागीच थांबते, मागून येणारे धड मात्र थांबत नाही. दोहोंच्या मध्ये मान चिरडली जाते. सेकंदाला सुमारे ३ मीटर वेग यासाठी पुरतो, असे प्रयोगांत दिसले आहे. विद्यार्थ्यांना v² = 2gh हे सूत्र वापरायला सांगा. एवढा वेग यायला केवळ ४६ सेंटिमीटर उंची लागते! ३ मीटर उंच खडकावरून सूर मारणारा मुलगा पाण्याला भिडतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो.

अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू हेल्मेटचा टाळूकडचा भाग पुढे करून प्रतिस्पर्ध्याला धडक देत. हेल्मेटने कवटी वाचे, मान मोडे. डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी अशा इजांची माहिती गोळा केली आणि १९७६ साली अशा धडकेवर बंदी आली. त्या वर्षी चारही हातपाय कायमचे लुळे पडल्याची ३४ प्रकरणे नोंदली गेली होती. १९८४ साली ती ५ वर आली. ना नवे औषध, ना नवे यंत्र. फक्त नियम बदलला. बर्फावरच्या हॉकीतही मागून ढकललेला खेळाडू डोक्याने कडेच्या फळीवर आदळे. तिथेही १९८० च्या दशकात मागून ढकलण्याविरुद्ध नियम झाले.

दुसरा प्रकार उंचावरून बुडावर किंवा पायांवर पडण्याचा. बर्फावरच्या उड्यांत, कड्यावरून किंवा झाडावरून पडण्यात तो दिसतो. छातीचा भाग बरगड्यांमुळे ताठ असतो, कमर लवचीक असते. दोन्ही जिथे मिळतात तिथे, म्हणजे छातीचा शेवटचा आणि कमरेचा पहिला मणका यांच्या आसपास, सारा भार एकवटतो आणि मणका दबून फुटतो.

शाळेत काय करता येईल?

कबड्डीत पकड करताना डोके बाजूला आणि नजर वर, हे पहिल्या दिवसापासून शिकवावे. टाळू पुढे करून कोणी घुसला तर खेळ थांबवावा. मैदानातले दगड-गोटे वेचून माती भुसभुशीत करावी. मल्लखांबाखाली गादी असल्याशिवाय उलट्या उड्या नकोत.

डोहात आधी पाय, मग डोके. सह्याद्रीतल्या नद्या पावसावर जगतात. सप्टेंबरमध्ये ज्या खडकावर तीन मीटर पाणी असते, तिथे फेब्रुवारीत मीटरभरही नसेल. ‘मागच्या वेळी इथेच उडी मारली होती’ हा पुरावा कामाचा नाही.

कड्यावरचे हेल्मेट वरून येणाऱ्या दगडापासून डोके वाचवते, मान नव्हे. गोरखगडाच्या पायऱ्या उतरताना ढकलाढकली आणि शर्यत नको.

अपघात झालाच तर

मार बसताच होणाऱ्या इजेवर पुढच्या काही तासांत सूज आणि रक्तस्राव यांची भर पडते. चुकीच्या पद्धतीने उचलल्यास ती अधिकच वाढते. मान किंवा पाठ दुखत असेल, हातपायांना मुंग्या येत असतील, ते हलत नसतील किंवा माणूस बेशुद्ध असेल, तर मणका मोडला आहे असेच धरून चालावे. त्याला बसवू नये, पाणी पाजू नये, डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे आणि १०८ ला फोन करावा. पाण्यात असेल तर आधी तोंड पाण्याबाहेर ठेवावे; श्वास पहिला.

रस्ता नसलेल्या पाड्यांवरून रुग्णाला झोळीत घालून खाली आणतात. तापाच्या रुग्णाला झोळी चालते, मणक्याच्या रुग्णाला ती घातक ठरते, कारण झोळीत पाठ वाकते. घराचे दार, रुंद फळी किंवा घोंगडी बांधलेली शिडी घ्यावी. एकाने डोके धरावे आणि त्यानेच आकडे मोजावेत. चौघांनी खांदे, कंबर, पाय धरून ओंडका फिरवावा तसे सगळे अंग एकदम कुशीवर वळवावे, फळी सरकवावी आणि परत उताणे करावे. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कपड्यांच्या गुंडाळ्या लावाव्यात.

हे वर्गात दाखवता येते. दोऱ्याची रिकामी रिळे घ्या, मध्ये सायकलच्या ट्यूबच्या चकत्या ठेवा आणि आरपार लोकर ओवा. हा ‘कणा’ रुमालावर ठेवून दोन टोकांनी उचला. रिळांमधल्या फटी उघडतात, लोकर ताणली जाते. मग तोच फळीवर ठेवून उचला.

इजेनंतरही आयुष्य असते. पूर्वी असे रुग्ण शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांनी दगावत. १९४४ पासून इंग्लंडमध्ये डॉ. लुडविग गटमन यांनी शुश्रूषा आणि खेळ यांच्या आधाराने ते चित्र बदलले. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले. पण त्यासाठी रुग्ण अपघाताच्या जागेवरून आणखी इजा न होता रुग्णालयात पोचायला हवा. क्रीडास्पर्धेच्या आदल्या दिवशी आठवी-नववीच्या मुलांकडून फळीवर उचलण्याचा सराव एकदा करून घ्या. त्याला एक तास पुरतो.