चूक चिपची, भुर्दंड कोणाला?

१९९५च्या आरंभी मी एका राज्याच्या वित्त विभागात उपसचिव होतो. नवे संगणक नुकतेच आले होते. लेखा शाखेचे ज्येष्ठ अधीक्षक मात्र यंत्रातून निघालेला प्रत्येक आकडा कागदावर पुन्हा ताडून पाहत, आणि मला तो वेळेचा अपव्यय वाटे. एके दिवशी त्यांनी वृत्तपत्राचे एक कात्रण माझ्यापुढे ठेवले. ‘साहेब, आता यंत्रालाही तपासनीस लागणार,’ एवढेच म्हणाले. इंटेलची पेंटियम चिप भागाकारात चुकते, असे त्या कात्रणात होते. आम्ही पुरवठादाराला विचारणा केली. सर्वसाधारण वापरकर्त्याला चिंतेचे कारण नाही, असे उत्तर आले आणि मी त्यावर ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारला. त्या शेऱ्याची मला आजही थोडी लाज वाटते.

व्हर्जिनियातील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांनी हा दोष १९९४ मध्ये उघड केला. जुळ्या मूळ संख्यांवरील त्यांच्या आकडेमोडीत उत्तरे जुळेनात. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या तक्त्यातील काही घरे रिकामी राहिली होती. ४१,९५,८३५ ला ३१,४५,७२७ ने भागले की १.३३३८२ यावे, तेथे १.३३३७४ येई. कंपनीला हे त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात कळले होते, परंतु गाजावाजा न करता पुढील उत्पादनात दुरुस्ती करण्याचे तिने ठरवले होते. बोभाटा झाल्यावर तिने सांगितले, की सामान्य वापरकर्त्याला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल; ज्याला अचूक भागाकाराची खरोखर गरज आहे, त्याने ती पटवून द्यावी आणि चिप बदलून घ्यावी. ‘सामान्य वापरकर्ता’ ही व्यक्ती मला सरकारी नस्त्यांमध्येही नेहमी भेटत असे. तिची सोय पाहताना तिला कोणी काही विचारलेले नसे.

१२ डिसेंबरला आयबीएमने पेंटियमचे संगणक पाठवणे थांबवले. त्यांच्या हिशेबाने ही चूक दर २४ दिवसांनी घडू शकत होती. आयबीएम काही निःस्वार्थ नव्हती. अ‍ॅपल आणि मोटोरोला यांच्यासह ती स्वतःची पॉवरपीसी चिप बाजारात आणत होती. तरीही २० डिसेंबरला इंटेलने माफी मागितली, मागेल त्याला चिप बदलून देण्याचे मान्य केले आणि ४७.५ कोटी डॉलरचा बोजा सोसला. प्राध्यापकाच्या गणिताने जे साधले नाही, ते प्रतिस्पर्ध्याच्या स्वार्थाने आठ दिवसांत साधले, असे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझे मत आहे. (पेंटियमच्या विकासाचे नेतृत्व करणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. १९९५ मध्ये ते इंटेल सोडून नेक्सजेनमध्ये गेले. ती कंपनी एएमडीने घेतली आणि इंटेलशी टक्कर देणारी के-६ चिप तेथूनच निघाली.)

२०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अवाजवी व्होल्टेजमुळे अकाली झिजू लागले, तेव्हा कंपनीने हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. ग्राहकापुढे आता एएमडीचा सशक्त पर्याय उभा होता.

आपल्याकडील चित्र इतके सरळ नाही. परदेशातून आणलेल्या इंटेल प्रोसेसरला भारतात हमीसेवा नाकारली जाते, या तक्रारीवर स्पर्धा आयोगाने २०१९ मध्ये चौकशीचा आदेश दिला. त्याच वर्षी नवा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्यातील केंद्रीय प्राधिकरण धोकादायक किंवा असुरक्षित वस्तू परत मागवू शकते. पण चुकीचा भागाकार करणाऱ्या चिपने कोणाला शॉक बसत नाही. उत्पादनदायित्वाच्या प्रकरणातील ‘हानी’च्या व्याख्येतून तर व्यापारी आणि आर्थिक नुकसान स्पष्ट शब्दांत वगळले आहे. म्हणजे चिपच्या दोषाने निवृत्तिवेतनाचा हिशेब चुकला, तर त्या प्रकरणाखाली उत्पादकाकडे दाद मागण्याची वाट बंद.

आज ७६,००० कोटी रुपयांच्या योजनेतून साणंद, धोलेरा येथे चिपचे प्रकल्प उभे राहत आहेत. कारखानदाराला किती टक्के अर्थसाहाय्य मिळेल, हे त्या योजनेत बारकाईने लिहिले आहे. सदोष चिप हाती पडलेल्या ग्राहकाचा विचार करायचा तर आधी ती व्याख्या बदलावी लागेल, आणि ते काम संसदेचे आहे.