बरे वाटले, पण कोणाकोणाला?

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा सांगलीच्या नदीकाठची काही कुटुंबे विश्रामबागेकडच्या नातेवाइकांकडे येऊन राहिली. पाणी ओसरले तरी बायकांची झोप परत आली नव्हती. छातीत धडधड व्हायची, पत्र्यावर पाऊस वाजला की त्या उठून बसायच्या. आम्ही त्यांच्यासाठी आठवड्यातून दोनदा श्वासाचे व्यायाम आणि मोकळेपणाने बोलण्याचा वर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी प्रत्येकीला झोप, भूक, भीती यांबद्दल प्रश्न विचारले. तीन महिन्यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. शेवटपर्यंत टिकलेल्या जवळजवळ सगळ्या जणी म्हणाल्या, "आता बरे वाटते." आम्ही खूश झालो आणि वस्तीच्या सभेत सांगून टाकले की, आपल्या वर्गाने मनाचा ताण जातो.

सभा संपल्यावर एक आजी जवळ आल्या. म्हणाल्या, "सिस्टर, माझी सून दोनदा आली आन् बंद झाली. तिला अजून झोप न्हाई. तिला कुठं इचारलंसा?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. निम्म्याहून जास्त बायका मधूनच यायच्या थांबल्या होत्या. काहींना कामाची वेळ जमत नव्हती, काहींना वर्गाचा उपयोग वाटत नव्हता. त्यांच्या घरी आम्ही गेलोच नव्हतो. वही उघडून बसलो तेव्हा आणखी चुका दिसल्या. तीन महिन्यांत घरे वाळली होती, मुले शाळेत जाऊ लागली होती, पाऊस थांबला होता. वर्गाला न आलेल्या बायकांनाही तेवढ्या काळात बरे वाटले असेल. त्यांच्याशी आम्ही तुलना केली नव्हती. शिवाय वर्ग घेणाऱ्या आम्ही आणि प्रश्न विचारणाऱ्याही आम्हीच. "सिस्टर, तुमचा काही उपयोग झाला नाही," असे तोंडावर कोण म्हणेल?

त्या वर्गाने कोणाचे नुकसान झाले असे नाही. पण त्याने ताण जातो असे सांगायला आमच्याकडे पुरावा नव्हता.

अशा चुका मोठ्या विद्यापीठांतही होतात. रक्तदाब यंत्राने मोजता येतो, रक्तातली साखर तपासता येते. ताण, भीती, बुद्धी यांचे मोजमाप मात्र बहुतेक वेळा प्रश्न विचारून किंवा कोडी घालूनच होते. म्हणून कोणी विचारले, कोणाला विचारले आणि कोणाशी तुलना केली, यावर निष्कर्ष बदलतो. 2015 साली अनेक देशांतल्या संशोधकांनी मानसशास्त्रातले 100 प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळ प्रयोगासारखा ठाम निकाल जेमतेम 36 टक्के प्रयोगांत आला.

पत्रिकेची परीक्षा

चांगली चाचणी कशी असते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. आपल्या विश्रामबागच्या विलिंग्डन कॉलेजात शिकलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर, शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी 2008 मध्ये पुण्यातून एक चाचणी घेतली. जन्मपत्रिकेवरून मुलाची बुद्धी कळते, असा ज्योतिषांचा दावा होता. चौघांनी 100 हुशार मुलांच्या आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. त्या मिसळून प्रत्येक ज्योतिषाला 40 पत्रिका दिल्या आणि कोणती कुठल्या गटातली ते ओळखायला सांगितले. कोणती पत्रिका कोणाची, हे ज्योतिषांना माहीत नव्हते.

नुसते नाणे उडवले तरी 40 पैकी सुमारे 20 उत्तरे बरोबर येतात. म्हणून किती उत्तरे बरोबर आली म्हणजे पास, हे आधीच ठरवले होते: 28. ज्योतिषांपैकी 51 जणांनी पत्रिका मागवल्या, उत्तरे मात्र 27 जणांनीच पाठवली. त्यांचे सरासरी यश 46 टक्के निघाले. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या 200 पत्रिका तपासल्या, तिची 102 उत्तरे बरोबर आली. म्हणजे नाणे उडवल्यासारखेच. हा निकाल 2009 मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात छापून आला.

आमच्या वर्गात जे राहून गेले ते या चाचणीत होते: तुलनेसाठी दोन गट, उत्तर झाकलेले आणि पासचा आकडा आधी ठरवलेला. किती जणांनी उत्तरे पाठवली नाहीत, तेही त्यांनी लपवले नाही. सर्वांत जास्त गुण मिळवणाऱ्या ज्योतिषाची 24 उत्तरे बरोबर होती. फक्त त्याचाच निकाल छापला असता, तर "ज्योतिष 60 टक्के खरे" अशी जाहिरात झाली असती. मुलांची स्मरणशक्ती वाढवण्याच्या महागड्या वर्गांच्या जाहिरातीत एकाच हुशार मुलाचा फोटो असतो, तेव्हा ही गोष्ट आठवावी.

जात उच्चारली आणि निकाल बदलला

दुसरे उदाहरण उत्तर प्रदेशातले आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. जात कोणी काढली नाही, तेव्हा दलित मुले आणि सवर्ण मुले सारखीच निघाली. दुसऱ्या गटांत मुलांची नावे आणि जाती सगळ्यांसमोर वाचून दाखवल्या, तेव्हा दलित मुले मागे पडली. कोडी तीच होती, मुलेही त्याच भागातली होती. नुसता दुसरा निकाल बघून कोणी "या मुलांची बुद्धीच कमी" असे म्हटले असते, तर तो अन्याय झाला असता.

आपल्या मुलांची शाळेत किंवा दवाखान्यात बुद्धीची चाचणी होते, तेव्हा हे ध्यानात ठेवा. मूल उपाशी होते का, त्याला नीट दिसते-ऐकू येते का, प्रश्न घरच्या भाषेत विचारले का, तपासणाऱ्याची त्याला भीती वाटली का, हे सांगा आणि विचारा. एका दिवसाच्या एका आकड्यावरून मुलाला 'मंद' ठरवू देऊ नका. शंका असेल तर पुन्हा तपासणी मागा. मात्र भीतीपोटी तपासणी टाळू नका, कारण खरी अडचण लवकर कळली तर मदतही लवकर मिळते.

"संशोधनात सिद्ध झाले" असे कोणी म्हटले, तर एवढे विचारा:

1. किती जणांना विचारले आणि ते कोण होते? आपल्यासारखे कष्टकरी त्यात होते का?
2. मधूनच सुटलेल्यांचे काय झाले?
3. हा उपाय न घेतलेल्यांशी तुलना केली का?
4. तपासणारा आणि औषध किंवा वर्ग विकणारा एकच आहे का?
5. दोन गोष्टी सोबत दिसल्या, म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे गृहीत धरले आहे का? मोबाईल जास्त पाहणाऱ्याला झोप कमी असेल. पण झोप येत नाही म्हणूनही माणूस मोबाईल पाहतो.

वस्तीत कोणी प्रश्नावली घेऊन आले, तर माहिती कशासाठी हवी आणि निकाल आम्हाला सांगणार का, हे आधी विचारा. नाही म्हणायचा हक्क आपला आहे. आणि माहिती दिलीत तर खरी द्या, समोरच्याला बरे वाटावे म्हणून नको.

त्या आजींच्या सुनेला आम्ही दुसऱ्या दिवशी भेटलो. नंतर सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो, तिथे तिचे उपचार सुरू झाले. तुमच्या घरात कोणाची झोप-भूक दोन आठवड्यांहून जास्त काळ गेली असेल, तर थांबू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यात जा किंवा टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला. आमच्या वर्गाच्या वहीत आता एक रकाना वाढला आहे: 'कोण आले नाही'. तो भरायला आम्ही घरोघरी जातो.