स्लीपरची चाकं, कोयीचा चेंडू

रबरी स्लीपर आधी अंगठ्याजवळ फाटते. पट्टा निसटतो, भोक मोठं होतं, मग खालून पिन अडकवून ती आणखी काही महिने ओढली जाते. नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या पाड्यांवर ती अगदी निकामी झाली तरी उकिरड्यावर जाईलच असं नाही. घरातल्या पोराचा तिच्यावर आधीपासून डोळा असतो. तिची चाकं होतात.

सातपुड्यातल्या एका शाळेत मुलांबरोबर खेळणी करायला बसलो, तेव्हा हे काम जवळून पाहिलं. चौथीतल्या एका मुलानं स्लीपर हातात घेऊन प्रथम दुमडून, दाबून पाहिली. टाच झिजलेली असते आणि झिजते तीही एकाच बाजूनं. म्हणून त्यानं टाच सोडली आणि डबीचं झाकण तळव्याच्या मधल्या भागावर ठेवलं, जिथं पाय पुरता टेकत नाही. खिळ्यानं गोल ओढला. दुसऱ्या पायाच्या स्लीपरवर बरोबर त्याच जागी दुसरा. दोन्ही चाकं सारख्या जाडीची हवीत, एवढं त्याला सांगावं लागलं नाही.

मग ब्लेड पाण्यात बुडवलं. कोरडं ब्लेड रबरात अडकतं, ओलं असलं की सरकत जातं. एका दमात आरपार कापायचं नाही. रेघेवरून आधी हलकं फिरवायचं, मग जरा खोल, मग तुकडा वाकवून फट उघडी ठेवत शेवटचं. घाई केली की कड तिरपी निघते आणि तिरप्या कडेचं चाक एका अंगाला ओढतं.

मध्य काढणं हेच खरं अवघड. बहुतेक मुलं नजरेनं भोक पाडतात आणि गाडी लंगडते. त्याच झाकणानं कागदावर गोल आखून कापायचा, एकदा अर्धा दुमडायचा, उलगडून दुसरीकडून अर्धा दुमडायचा; दोन घड्या जिथं एकमेकींना छेदतात तो मध्य. तो कागद रबरावर ठेवून बाभळीचा काटा टोचायचा. वर्तुळाचा धडा फळ्यावर शिकवताना जे दहादा सांगावं लागतं, ते इथं लंगडणारी गाडी एकदाच सांगते.

आस म्हणजे मोडक्या छत्रीची काडी किंवा सायकलीचा आरा. तो संपलेल्या बॉलपेनच्या रिकाम्या नळीतून ओवायचा आणि मग दोन्ही टोकांना चाकं घट्ट बसवायची. नळी गाडीच्या अंगाला बांधली, की आस नळीत मोकळा फिरतो आणि चाकं त्याच्याबरोबर फिरतात. बैलगाडीत आस जागेवर राहतो आणि चाक त्याच्याभोवती फिरतं; रेल्वेच्या डब्याखाली चाकं आसाला पक्की असतात आणि अख्खा आस फिरतो. सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबार स्टेशनातून जाणाऱ्या गाड्यांची जी रचना, तीच या पेनाच्या नळीत. मुलांनी दोन्ही प्रकार करून पाहिले. चाक सैल ठेवलेली गाडी वळणावर सहज वळली, पण चाकं डुगडुगली. घट्ट चाकांची सरळ पळाली, वळताना मात्र एक चाक घासत राहिलं. यावर त्यांचा वाद झाला आणि तो मला मिटवावासा वाटला नाही.

अशा कामाला आपल्याकडे शिक्षणात मान मिळवून दिला तो अरविंद गुप्ता यांनी. आयआयटी कानपूरचे हे अभियंते पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. 1978 साली रजा काढून ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. सायकलीच्या व्हॉल्व्हमधली बारीक रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या यांची त्यांची जोडणी तिथलीच. पुढं पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी 2014पर्यंत टाकाऊ वस्तूंची खेळणी केली, शिकवली. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची ती जोडणी आम्ही शाळेत केली: काडीचं गूल आधी खरवडून टाकायचं, नळीचे लहान तुकडे करायचे, दोन टोकांत दोन काड्या. चौकोन केला तर बोटानं ढकलताच कलंडतो. त्रिकोण ढकला, तो हलत नाही. हे दाखवल्यावर एका मुलीनं वर शाळेच्या पत्र्याखालच्या कैचीकडे बोट केलं.

प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा धरला की नरसाळ्यासारखा पेला होतो. बुचाला दोरी, दोरीच्या टोकाला काहीतरी वजन; ते उडवून पेल्यात झेलायचं. मेक्सिकोत याच खेळाला बालेरो म्हणतात. तिथं तो पारंपरिक लाकडी असतो: दोरीला बांधलेला गोळा उडवून त्याच्या भोकात दांडी अडकवायची. घरी तोच बाटलीचाही करता येतो. तिथल्याच ग्वानाह्वातो राज्यातल्या सेलाया शहराच्या लुपिता बाहुल्या तर कागद आणि पिठाच्या खळीतूनच घडतात. आपल्याकडे बाया रद्दीच्या लगद्यात वाटलेल्या मेथ्या घालून टोपल्या थापतात, त्याच जातीचं काम.

धडगावात बालेरोच्या दोरीला आंब्याची कोय लागली. इथं उन्हाळ्यात घरोघरी आमचूर होतं. कैऱ्या सोलून फाका वाळत पडतात आणि कोयींचा ढीग मागं राहतो. गावरान आंब्याची कोय लहान, वाळल्यावर हलकी. पण ती चपटी असल्यानं आडवी आली की पेल्याच्या काठावर आपटते, उभी आली तरच आत शिरते. गोल चेंडूपेक्षा कितीतरी अवघड, आणि म्हणून मुलं तिला सोडेनात.

एका गोष्टीत मात्र मी कडक राहिलो. फवारणीच्या औषधाची बाटली, मग ती कितीही धुतलेली असो, खेळण्याला घ्यायची नाही. शेताच्या बांधावर त्या पडलेल्या असतात, रंगानं आकर्षक असतात आणि मुलं त्या तोंडाला लावतात. गुरुजींनी त्यांची ओळख पटावी म्हणून चिन्हं फळ्यावर काढली. तयार खेळण्यांचे संच शाळांना पाठवणाऱ्यांशीही माझं पटत नाही. संचाचा एक भाग हरवला की अख्खा संच कपाटात जातो आणि कुलूप लागतं. स्लीपर, कोय, पेन, काडी हे सगळं गावात नव्यानं मिळत राहतं.

दुपारी एक मुलगा गाडी घेऊन परत आला. घरची माणसं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात, तोही जातो. ट्रॅक्टर त्याला पाठ आहे. चारही चाकं सारखी असलेली गाडी त्याला मान्य नव्हती.

"सर, मागचं मोठं पाहिजे."

मोठ्या चाकासाठी स्लीपरचा तळवा पुरेना. त्यानं दोन तुकडे कडेला कड लावून खाली तिसरा चिकटवायला घेतला, दाब बसावा म्हणून दगड ठेवला आणि तो वाळेपर्यंत मागच्या ट्रॉलीत भरायला ज्वारीच्या धांड्यांचे एकसारखे तुकडे तोडत बसला.