नावांचा कोश आणि क्रूडनसाहेब

बायबलातल्या नावांचा कोश मी कादंबरीसारखा वाचतो म्हटले की घरची मंडळी हसतात. हसोत बापडी! इसहाक या नावाचा अर्थच मुळी ‘तो हसतो’. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून सारा हसली, नि ते हसू लेकाला चिकटले. राहेल बाळंतपणात दगावली. जाता जाता तिने मुलाला ‘बेनोनी’ म्हटले, म्हणजे ‘माझ्या दुःखाचा पुत्र’. याकोबाने ते बदलून बन्यामीन केले. ‘उजव्या हाताचा पुत्र’. पोराने जन्मभर आईचे मरण का मिरवावे?

असल्या ग्रंथांत गाजलेला म्हणजे अलेक्झांडर क्रूडनचा. इंग्रजी बायबलातला कोणता शब्द कुठे येतो, याची सूची या स्कॉटिश गृहस्थाने एकट्याने रचली आणि १७३७ साली लंडनमध्ये छापली. राणी कॅरोलाइनला प्रत नजर केली, तर थोड्याच दिवसांत राणीच वारली! पुढच्या वर्षी लोकांनी त्याला वेडा ठरवून पलंगाला साखळीने जखडले. पठ्ठ्या पलंगाचे लाकूड कापून निसटला. १७६१ आणि १७६९ मध्ये त्याने ग्रंथ सुधारून पुन्हा काढला. पुढल्या अनेक आवृत्त्यांना नावांच्या अर्थांची यादी जोडलेली असते. आपला बन्यामीन तिथे ‘बेंजामिन’ म्हणून भेटतो.