ओसरी कोणत्या दिशेस असावी?

नवें घर बांधावयाचें ठरलें म्हणजे घरांतील सारी मंडळी नकाशाभोंवतीं गोळा होतात. स्वयंपाकघर किती मोठें असावें, देवघर कोठें असावें, जिना आंतून असावा कीं बाहेरून, यावर चार रात्री चर्चा चालते. ओसरीबद्दल मात्र कोणी फारसें बोलत नाहीं. रस्ता ज्या अंगास त्या अंगास ओसरी, असें मनांत धरूनच नकाशा काढलेला असतो. पुढें पहिला वैशाख येतो. सायंकाळीं पांच वाजतां घरांतील वडील माणसें खुर्ची घेऊन बाहेर येतात, दहा मिनिटें बसतात आणि खुर्ची उचलून आंत जातात. ऊन थेट डोळ्यांवर आलेलें असतें व फरशी पायांस चटके देत असते. जिच्यावर एवढा पैसा खर्च झाला ती जागा नेमक्या हव्या त्या महिन्यांत निरुपयोगी ठरते. आणि एकदां बांधलेलें घर कांहीं फिरवून ठेवतां येत नाहीं.

उष्ण प्रदेशांत ओसरी ही घराची छत्री होय. तिच्यामुळें भिंतीवर ऊन पडत नाहीं आणि भिंत न तापल्यामुळें आंतील खोली थंड राहते. विटांची उघडी भिंत दिवसभर उष्णता शोषून घेते आणि सूर्य मावळल्यावर कित्येक तास ती आंत सोडीत राहते. म्हणून ओसरीच्या दिशेचा प्रश्न हा वस्तुतः घरांतील वृद्धांच्या आणि तान्ह्या मुलांच्या रात्रीच्या झोंपेचा प्रश्न आहे.

सूर्य पूर्वेस उगवतो व पश्चिमेस मावळतो, एवढें शाळेंतील ज्ञान येथें पुरत नाहीं. पुणें सुमारें १८॥ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथें २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य पूर्वेपासून सुमारें २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो आणि मध्यान्हीं क्षितिजापासून अवघा ४८ अंश वर चढतो. २१ जूनच्या सुमारास तो तितकाच उत्तरेकडे सरकून उगवतो व मध्यान्हीं डोक्याच्या किंचित् उत्तरेस असतो. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस, असा वर्षांतून दोन वेळां तो बरोबर डोक्यावर येतो. दिल्लीस तो कधींच डोक्यावर येत नाहीं. यास्तव एका प्रांतांतील घराचा नमुना दुसऱ्या प्रांतांत जसाच्या तसा उचलणें धोक्याचें असतें.

आतां एकेक दिशा घेऊं. दक्षिणेकडील ओसरीविषयीं लोकांच्या मनांत नाहक भीति असते. अशी ओसरी ८ फूट खोल आहे व तिची वळचण जमिनीपासून ८ फूट उंच आहे, असें समजावें. पुण्यास डिसेंबरांत मध्यान्हीं तिच्यांत सुमारें ७ फूट आंतपर्यंत ऊन येईल. म्हणजे थंडींत जवळजवळ सारी ओसरी उबदार राहील. मार्च व सप्टेंबरांत, दिवस व रात्र समान असतां, तें पावणेतीन फुटांपर्यंतच येईल. मेच्या मध्यास मध्यान्हीं तें मुळींच आंत येणार नाहीं. हव्या त्या ऋतूंत ऊन व नको त्या ऋतूंत सांवली, ही सोय केवळ वळचणीच्या मापानें साधते.

पूर्वेकडील ओसरीस सकाळचें कोंवळें ऊन मिळतें. दुपारनंतर घराचीच सांवली तिच्यावर पडते, त्यामुळें सायंकाळीं ती बसण्यास योग्य होते. उत्तरेकडील ओसरींत वर्षांतील बहुतेक काळ ऊन शिरत नाहीं. उन्हाळ्यांत सकाळीं लवकर व सायंकाळीं उशिरां तिरपे किरण येतात तेवढेच. तिचा उजेड शांत व एकसारखा असल्यामुळें वाचन, शिवणकाम, मुलांचा अभ्यास यांस ती उत्तम. हिंवाळ्यांत मात्र ती गार पडते.

खरी अडचण पश्चिमेची. सूर्याचें तेज पूर्वेस व पश्चिमेस सारखेंच असतें. परंतु सकाळीं हवा थंड असते, आणि दुपारीं दोन ते चारच्या दरम्यान ती अत्यंत तापलेली असतां पश्चिमेचें ऊन भिंतीवर येतें. शिवाय हें ऊन खालून येतें. सूर्य समोर, क्षितिजापासून २० अंशांवर असला कीं ८ फूट उंच वळचणीखालून ऊन २२ फूट आंत पोहोंचूं शकतें. वळचण दोन फूट वाढविल्यानें येथें कांहीं साधत नाहीं. उभा आडोसाच हवा. बांबूच्या चिकाचे पडदे, वेलींचा मांडव, लांकडी जाळी किंवा ओसरीपासून थोड्या अंतरावर लावलेलें दाट पानांचें झाड, हेच त्यावर उपाय.

असें असेल तर पश्चिम सरसकट टाळावी, असें कोणी म्हणेल. पण ओसरी उन्हासाठीं जितकी, तितकीच वाऱ्यासाठींही असते, आणि येथें प्रत्येक गांवचा न्याय निराळा. मुंबईस दुपारीं समुद्रावरचा वारा पश्चिमेकडूनच येतो. दमट हवेंत घाम वाळविण्यास त्यावांचून दुसरा आधार नाहीं. पावसाळ्यांत मात्र झडही त्याच बाजूनें येते. पुण्यास उन्हाळ्यांत सायंकाळची सुखद झुळूक पश्चिमेकडची असते. नागपुरास मे महिन्यांत वायव्येकडून तप्त झळा येतात. तेथें त्या बाजूस मोकळी ओसरी ठेवणें म्हणजे झळांना घरांत बोलावणें. तेथील कोरड्या हवेंत वाळ्याचे ओले पडदे खोली थंड करतात. तेच पडदे मुंबईस लावल्यास ओल वाढण्यापलीकडे विशेष लाभ होत नाहीं, कारण दमट हवेंत पाणी लवकर उडून जात नाहीं.

मुंबईच्या या पेंचाचा एक प्रसिद्ध उलगडा कंबाला टेकडीवर उभा आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची ‘कंचनजंगा’ ही ३२ सदनिकांची उंच इमारत १९८३ सालीं पुरी झाली. पश्चिमेस अरबी समुद्र व त्याचा वारा, पूर्वेस बंदराचें दृश्य. परंतु पश्चिमेसच उतरतें ऊन आणि पाऊस. कोरियांनीं जुन्या बंगल्यांची रीत स्मरली. त्या बंगल्यांत राहत्या खोल्यांभोंवतीं व्हरांडा असे व ऊनपावसाचा मारा तो झेली. त्याच रीतीनें त्यांनीं सदनिकांच्या कोंपऱ्यांत दोन मजले उंचीचे खोल, झाडें लावण्याजोगे सज्जे ठेवले. वारा आंत येतो, पण ऊन व झड खोल्यांपर्यंत सहसा येत नाहीं. सदनिका विकत घेणाऱ्या कुटुंबानेंही हेंच पाहावें: सज्जा कोणत्या दिशेस आहे, किती खोल आहे आणि त्याच्या मागें कोणती खोली आहे. पश्चिमेच्या उथळ सज्ज्यामागें निजण्याची खोली असेल तर किंमत ठरविण्यापूर्वीं दुपारीं चार वाजतां तेथें जाऊन उभें राहावें.

दाराची दिशा अनेक घरांत श्रद्धेनें ठरते. त्यास हरकत असण्याचें कारण नाहीं. कारण दार व ओसरी एकाच बाजूस असलीं पाहिजेत असा नियम नाहीं. दार पूर्वेस ठेवून बसण्याची ओसरी दक्षिणेस नेतां येते. रस्ता पश्चिमेस असल्यास तिकडे जिना, कोठार व न्हाणीघर घालावें. त्या खोल्या तापल्या तरी कोणाची झोंप मोडत नाहीं.

जागेवरील दिशा नक्की करण्याची जुनी शंकूची रीत आजही तितकीच उपयोगी आहे. सपाट जमिनींत एक सरळ काठी उभी रोवून तिच्याभोंवतीं दोरीनें वर्तुळ काढावें. सकाळीं सांवलीचें टोंक वर्तुळास जेथें शिवेल तेथें एक खूण करावी व दुपारनंतर पुन्हां शिवेल तेथें दुसरी. पहिली खूण पश्चिमेची, दुसरी पूर्वेची. दोहोंस जोडणारी रेषा ती पूर्वपश्चिम रेषा. मग उन्हाळ्यांतील एका सायंकाळीं त्याच जागीं उदबत्ती लावून धूर कोणीकडे जातो तें पाहावें. एवढें काम पायाची पहिली कुदळ पडण्यापूर्वीं करावें; नकाशावरील ओसरी पुसून दुसरीकडे काढण्यास त्या वेळीं फक्त खोडरबर लागतें.